फ्लॉरेन्समधलं दुपारचं जेवण, किलोच्या भावाने

फ्लॉरेन्समध्ये उफिझीतली चित्रं आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहून पाय दुखायला लागले की बहुतेक प्रवासी समोरच्याच चौकात छत्रीखाली जेवायला बसतात. त्यांनी थोडं आणखी चालून सान लोरेंझोची मंडई गाठावी. लोखंड-काचेची ही इमारत १८७४ची, मिलानची प्रसिद्ध गॅलरी उभारणाऱ्या ज्युसेप्पे मेंगोनीने बांधलेली. तळमजल्यावर खाटकांची दुकानं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत घरगुती खाणावळी. १९५३ पासून चालणारी ‘मारिओ’ त्यांपैकीच एक. इथे अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून जेवायचं.

मागवायची ती बिस्तेक्का, फ्लॉरेन्सची स्टेक. गुराच्या पाठीचा, हाडासकट कापलेला, तीन-चार बोटं जाडीचा तुकडा. वाढपी तो आधी कच्चाच आणून दाखवतो, वजन सांगतो आणि आपण मान डोलावली की आत नेतो. भाव किलोवर असतो, त्यामुळे दोघातिघांत मिळून एक घ्यावी. लाकडी कोळशाच्या निखाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी काही मिनिटं, मग हाडावर उभी करून थोडा वेळ, की झाली. वाटण नाही, मसाला नाही. मीठ-मिरी भाजून झाल्यावरच घालायची, असं पेलेग्रीनो आर्तुसीने १८९१च्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकातही सांगून ठेवलंय. वरून खरपूस, आतून लालबुंद. ‘पूर्ण शिजवून द्या’ म्हटलं तर अनेक ठिकाणी चक्क नकार मिळतो. मला तो नकार पटतो; एवढं जाड मांस आतपर्यंत शिजवलं तर ते कोरडं आणि चिवट होतं.

या पदार्थाची खरी मानकरी म्हणजे दक्षिणेकडच्या क्याना खोऱ्यातली क्यानीना जनावरं. पांढरीशुभ्र, उंच, काळ्या नाकपुड्यांची. आपल्या खिलारांसारखीच ट्रॅक्टर येईपर्यंत नांगराला जुंपली जाणारी. वासरं मात्र गव्हाळ रंगाची जन्मतात. आज प्रत्येक ताटातली बिस्तेक्का क्यानीनाचीच असते असं नाही, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारावं.

हे हाड एकदा ताटातून गेलंही होतं. ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने युरोपीय संघाने २००१मध्ये पाठीच्या कण्याला जोडलेल्या हाडासह मांस विकायला बंदी घातली. हाडाशिवायचे तुकडे मिळत होते, पण हाडालगतच्या मांसाची चव त्यांत कुठून येणार? जानेवारी २००६मध्ये बंदी उठली आणि खाटकांच्या ठोकळ्यावर ते हाड पुन्हा दिसू लागलं.

गोमांस वर्ज्य असलेल्यांनाही या गल्ल्यांत उपाशी राहावं लागत नाही. शिळा पाव, काळी कोबी आणि पांढऱ्या घेवड्याची दाट ‘रिबोल्लीता’ पोटभरीची असते. फक्त मांसाचं पाणी वापरलंय का, ते विचारून घ्यावं. सोबतचा टस्कन पाव अळणीच असतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, तो बसण्याचा आणि पावाचा आकार. साडेबाराच्या सुमारास पोचावं. अडीचनंतर बहुतेक चुली विझतात.