घरी बांधलेले विमान आणि खात्रीचा प्रश्न

आर्वीत विमानावर व्याख्यान, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं! पण प्रश्न माझ्याच शाखेतला आहे. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू नीट झाली, हे आपल्याला कळतं कशावरून?

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, घराच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी आली ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालं २०२० मध्ये. हे किट नव्हतं, आराखडा त्यांचा स्वतःचाच.

किटचा प्रकार अमेरिकेत जास्त रुळलेला आहे. कापलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे खोक्यांतून घरी येतात. कायद्याची अट अशी, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं. काम म्हणजे मुख्यतः रिव्हेट मारणं. एक जण बाहेरून हवेच्या हातोडीने ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवून धरतो. दबलेल्या टोकाची रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या साधारण दीडपट आणि उंची निम्मी भरली पाहिजे. भोकाच्या कडेला खरखर राहिली, तर तिथूनच पुढे तडा जाऊ शकतो. असे हजारो रिव्हेट! आणि पंख एकदा बंद केला की आतलं काही दिसत नाही. म्हणून रोजच्या कामाची वही ठेवायची, फोटो काढायचे. तपासनीस ती वहीसुद्धा बघतो.

आता न्यायदर्शनाकडे येऊ. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानावरूनच कळत नाही, बाहेरून ठरतं. याला परतःप्रामाण्य म्हणतात. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली; मग कळलं की दिसलं ते पाणीच होतं, मृगजळ नव्हे. मीमांसकांना हे मान्य नाही, पण तो वाद आज नको.

पाण्याच्या बाबतीत शंका असतानाही चार पावलं चालून बघता येतं. नुसते पाय दुखतील. विमानाचं तसं नाही. 'उडवून बघू' म्हणणारा माणूस आत बसलेला असतो. मग त्या एका मोठ्या परीक्षेचे लहान तुकडे करावे लागतात. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून गुरुत्वमध्य काढायचा. तो फार मागे गेला असेल तर विमान हवेत सावरता येत नाही. मग जमिनीवर धावपट्टीवरून पळवून बघायचं. अमेरिकेत त्यानंतरही सर्वसाधारणपणे २५ ते ४० तास ठरलेल्या भागातच चाचणी उड्डाणं करायची, प्रवासी न घेता. आणि पुढेही 'प्रायोगिक' ही पाटी आत बसणाऱ्याला दिसेल अशीच लावायची. मला ती पाटी फार प्रामाणिक वाटते.

यादवांच्या विमानाला लागलेल्या वेळाबद्दल आपण सरकारी खात्याला बोल लावतो. हौशी माणसासाठी आपल्याकडे वाट नीट आखलेली नव्हती, हे खरंच. पण तपासणी हवीच.

ती गाळली की काय होतं? शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या उड्डाणाचा समकालीन, तपासता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या विमानांचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हिशेब मांडला, आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण अवघं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पण पाच साक्षीदार होते आणि फोटो आहे. तळपद्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या नावावर न तपासलेली गोष्ट चिकटवणाऱ्यांबद्दल नाही.

आताच एका मुलाने चिठ्ठी पाठवली आहे, 'सर, आर्वीत बांधता येईल का?' बांधायला येईल रे. पंख सुटे ठेवले तर कापसाचं एखादं रिकामं गोदाम पुरेल. पण उडवायला धावपट्टी लागेल, म्हणजे ट्रकवर घालून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला न्यावं लागेल, आणि तिथली परवानगी आधी काढावी लागेल. तोवर वही आजपासूनच घाल.