सायलेन्सर काढल्याने इंजिनाचे व्हॉल्व्ह जळतात काय?

सायलेन्सर गंजून गळून पडला किंवा ताकद वाढावी म्हणून काढून टाकला, तर थंड हवा आत शिरून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकतात अथवा जळतात, असा समज शेतकरी व मिस्त्री यांच्यात आढळतो. डिझेल पंप व ट्रॅक्टर यांच्याबाबत हा समज तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

1500 फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो. पूर्ण भारावर त्यावरून जाणारे वायू साधारणतः 400 ते 600 अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. व्हॉल्व्हमधील बहुतांश उष्णता तो सीटवर टेकलेला असताना सीटमार्गे हेडमध्ये व तेथून थंड करणाऱ्या पाण्यात जाते. उर्वरित उष्णता दांड्यावाटे गाइडमध्ये उतरते. सायलेन्सर काढल्याने या व्यवस्थेत फरक पडत नाही. इंजिन बंद केल्यावर मागे येणारी थोडीशी हवाही तप्त मॅनिफोल्डमधूनच येते. डिझेल इंजिनात हवा मुळातच जादा असते आणि इंधनाचे प्रमाण गव्हर्नर ठरवतो. त्यामुळे मिश्रण बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कार्बुरेटर असलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र मिश्रण पातळ होऊन उष्णता वाढू शकते.

मग व्हॉल्व्ह जळतात कशाने? टॅपेटची फट आवश्यकतेपेक्षा कमी असेल, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. त्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि फटीतून निसटणारे तप्त वायू त्याची कड जाळतात. गळका नोजल, इंजेक्शनची चुकलेली वेळ, अतिभार आणि पाण्याचा अपुरा प्रवाह हीदेखील कारणे आहेत. काजळीने तुंबलेला सायलेन्सरही तापमान वाढवतो; म्हणून तो काढून न टाकता साफ करावा.

व्हॉल्व्ह जळत नाहीत, याचा अर्थ सायलेन्सर अनावश्यक आहे असा नव्हे. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी शिरल्यास व्हॉल्व्ह व सीट गंजतात; सिलिंडरमध्ये पाणी साचले असता इंजिन फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तप्त काजळीच्या ठिणग्या भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मळणीच्या वेळी तणसाच्या ढिगाला, तर पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या वाळलेल्या पाचटाला आग लावू शकतात. दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केल्यास आलेला बहिरेपणा भरून येत नाही. शिवाय त्या आवाजात टॅपेट किंवा बेअरिंगचा बिघाड ऐकू येत नाही. विहिरीत किंवा बंद खोलीत बसविलेल्या इंजिनाचा धूर नळीवाटे बाहेर न गेल्यास तेथे वास नसलेला, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड साचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 120 नुसार शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर बंधनकारक आहे.

शेतकऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी :

• टॅपेटची फट उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे, त्यात सांगितलेल्या थंड अथवा गरम स्थितीतच फीलर गेजने तपासावी.
• काळा धूर दिसू लागताच नोजल व एअर क्लीनर तपासून घ्यावेत.
• सायलेन्सरच्या उभ्या नळीवर पावसाळी टोपी बसवावी.
• जड कामानंतर इंजिन काही मिनिटे भाराविना चालवून मगच बंद करावे.
• विहिरीतील इंजिनाची धुराची नळी काठाबाहेर न्यावी. इंजिन चालू असताना किंवा धूर साचलेला असताना विहिरीत उतरू नये.

व्हॉल्व्ह जळल्याची तक्रार आल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम टॅपेट, नोजल व पाण्याची पाहणी करावी. केवळ नवा सायलेन्सर बसविल्याने मूळ दोष तसाच राहतो आणि नवा व्हॉल्व्हही पुन्हा जळतो.