अर्धा मोडेम

माळा आवरताना जुना लॅपटॉप हाती लागला. त्याच्या कडेला दोन चौकोनी खाचा होत्या: रुंद लॅनच्या वायरची, अरुंद टेलिफोनची. भाचीने अरुंद खाचेत करंगळी घातली. "मामा, ही कशाची?" मोडेमची, असं सांगून मोकळा झालो खरा. पण त्या लॅपटॉपात अख्खा मोडेम कधी नव्हताच. हे कळायला वीस वर्षांपूर्वी माझ्या बऱ्याच रात्री गेल्या होत्या.

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यातून जातो. या बोळातून शून्य आणि एक न्यायचे तर इकडे त्यांचा आवाज करायचा आणि तिकडे त्या आवाजातून ते पुन्हा वेचायचे. मॉड्युलेशन आणि डिमॉड्युलेशन, म्हणून मोडेम. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमने मोडेमच्या डब्याला भाषाही दिली. 'एटी' म्हणजे लक्ष दे, 'एटीडीटी' म्हणजे टोनने नंबर फिरव. सगळी डोकेफोड डब्यातल्या चिपा करत. संगणकावर डॉस असो की लिनक्स, डब्याला फरक पडत नसे.

नव्वदच्या दशकात प्रोसेसर वेगवान झाले आणि चिप बनवणाऱ्यांनी हिशेब मांडला: आकडेमोड प्रोसेसरच करू शकतो, मग मोडेममध्ये वेगळी महागडी चिप कशाला? ती काढली. उरलं काय, तर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी छोटी चिप आणि लाइनपासून संगणकाला सुरक्षित ठेवणारं सर्किट. थोडक्यात, टेलिफोनच्या वायरीला बांधलेलं साउंडकार्ड. बाकीचा मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये गेला. 'विनमोडेम' हा खरं तर यूएस रोबोटिक्सचा ट्रेडमार्क, पण पुढे या साऱ्या जातीलाच ते नाव चिकटलं.

सॉफ्टवेअरवर पडलेलं काम सोपं नव्हतं. एकाच जोडतारेवर दोन्ही बाजू एकाच वेळी, त्याच फ्रिक्वेन्सींवर बोलतात. आपलाच आवाज परत आपल्या कानावर आदळतो, आणि तो वजा करून पलीकडची कुजबुज ऐकायची. जोडणीच्या वेळी ऐकू येणारी ती लांब शीळ आठवते? २,१०० हर्ट्झची. दर ४५० मिलिसेकंदांनी ती आपली फेज उलटवते. एक्स्चेंजमधल्या प्रतिध्वनी पुसणाऱ्या यंत्रांसाठी तो निरोप असतो: तुम्ही बाजूला व्हा, आमचं आम्ही बघतो. नंतरच्या खरखरीत दोघं लाइनची परीक्षा घेतात. सिग्नल नॉइजपेक्षा ३५ डेसिबलने मोठा धरला, तर शॅननच्या सूत्राप्रमाणे या बोळातून सेकंदाला जेमतेम ३६,००० बिट जाऊ शकतात. व्ही.३४ मानकाचा मोडेम ३३,६०० पर्यंत पोचला होता. भिंतीला नाक लावूनच म्हणायचं.

हे सगळं विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, आणि त्याचा सोर्स बंद. लिनक्सवर आम्ही 'ड्रायव्हर हवा' म्हणायचो, पण मागत होतो अख्खा मोडेमच. काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला: बाहेरचं कवच खुलं, आतला गाभा बंद. कोनेक्झंट चिपांचे ड्रायव्हर लिनक्संट कंपनी विकायची. फुकट आवृत्ती १४,४०० वर अडवलेली, वेग हवा तर पैसे मोजा. २००४ मध्ये त्यांची एक चलाखी पकडली गेली. लिनक्सचा कर्नल प्रत्येक ड्रायव्हर-मॉड्यूलचा परवाना वाचतो. सी भाषेत शून्य अक्षर आलं की मजकूर संपला. यांनी 'जीपीएल' हा खुल्या सोर्सचा परवाना लिहून पुढे शून्य टाकलं आणि खरी अट त्यानंतर लिहिली. कर्नल 'जीपीएल' वाचून समाधानी! एवढी निर्मळ लबाडी क्वचितच पाहायला मिळते.

माझ्या लॅपटॉपात इंटेलचा चिपसेट होता, त्यावर स्मार्ट लिंकचं सॉफ्टवेअर चाले. ते आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला मोडेम हवा. मग सायबर कॅफेत जाऊन फ्लॉपीवर आणलं. हा प्रोग्राम सुरू होताच एक खोटा सीरियल पोर्ट उभा करतो. नंबर फिरवणारा डब्ल्यूव्हीडायल त्या पोर्टावर कॅरिअरचा, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचा, सिग्नल शोधत बसे. तो पोर्टच खोटा, तिथे सिग्नल येणार कुठून? सेटिंगमध्ये 'कॅरिअर तपासू नकोस' अशी एक ओळ घातल्यावर गाडी पुढे सरकली आणि लगेच 'नो डायलटोन'वर अडली. रिसीव्हर उचलला तर टोन खणखणीत! अमेरिकेचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा, आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झच्या लयीत घुरघुरणारा. मोडेमचा कान परदेशी होता. 'एटीएक्स३' म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव. ते दिलं आणि पहिल्यांदा शीळ आली.

यंदा भाचीला ती शीळ ऐकवायची ठरवली. घरात फायबर असल्यामुळे सोसायटीचा जुना इंटरकॉमच एक्स्चेंज म्हणून वापरला. खालच्या मजल्यावर मित्राकडे जुना डबा-मोडेम जोडला. इंटरकॉमचा टोन वेगळाच, म्हणजे पुन्हा एटीएक्स३. ३१,२०० ने जोडणी झाली. ५६ हजार मिळणं शक्यच नव्हतं. त्या वेगासाठी पलीकडचं टोक थेट डिजिटल लागतं: सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ७ बिट.

स्मार्ट लिंकचा तोच बंद गाभा घेऊन डी-मोडेम नावाचा प्रकल्प आता टेलिफोनची खाच नसलेल्या संगणकावरून, इंटरनेट टेलिफोनीवर मोडेम चालवतो. साउंडकार्डही गेलं, मोडेम शिल्लक! हे भाचीला समजावत होतो, पण तिचं लक्ष आमच्या इंटरकॉमच्या लाइनवर पॅरलल जोडलेल्या फोनकडे होतं. तिने हळूच रिसीव्हर उचलला, खरखर ऐकली आणि न राहवून म्हणाली, "हॅलो?"

स्क्रीनवर उमटलं: नो कॅरिअर.