‘टेक’ या क्रियापदाचा गोतावळा

बेळगावच्या परिसरात इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाला एक वाक्य दर वर्षी परीक्षेच्या हंगामात हटकून भेटते. मराठी मुलगा लिहितो, ‘आय गेव्ह माय एक्झॅमिनेशन’. त्याच्याच बाकावर बसणारा, घरी कन्नड बोलणारा मुलगा लिहितो, ‘आय रोट माय एक्झॅमिनेशन’. पाठ्यपुस्तकात मात्र छापलेले असते, ‘आय टुक माय एक्झॅमिनेशन’. तिघेही आपापल्या भाषेशी प्रामाणिक आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतो; कन्नडात विद्यार्थी परीक्षा लिहितो; आणि इंग्रजीत परीक्षा ‘घेणारा’ हाच विद्यार्थी असतो. मराठी मुलाला वाटते की इंग्रजांनी गुरुशिष्यांच्या जागांचीच अदलाबदल केली आहे. इंग्लंडात हाच विद्यार्थी परीक्षेला ‘बसतो’ही, तेवढ्यापुरते त्याचे व आपले जमते.

या चुकीविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. पदवी मिळाल्यानंतर पहिल्याच नोकरीच्या मुलाखतीत मी बी. ए.ची परीक्षा ‘गेव्ह’ केल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, ‘आणि ती घेतली कोणी?’ सर्वजण हसले, मीही हसलो. विनोद कोणता झाला हे मात्र घरी पोहोचेपर्यंत कळले नाही. शाळेत अकरा वर्षे इंग्रजी शिकूनही हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या वहीवर अशा शब्दांभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ पडे, पण वर्तुळाचे कारण कधी लिहिलेले नसे. पुढे शिक्षक झाल्यावर तशीच वर्तुळे काढण्यात माझीही काही वर्षे गेली, हेही कबूल केले पाहिजे.

दोष मुलाच्या बुद्धीचा नाही. तो शब्दार्थांच्या रकान्याचा आहे. एका बाजूस ‘टेक’, दुसऱ्या बाजूस ‘घेणे’, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. हे समीकरण निखालस खोटे असते तर फार बरे झाले असते. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवते. शपथ घेणे, सूड घेणे, श्वास घेणे, रजा घेणे, औषध घेणे, आश्रय घेणे, पुढाकार घेणे, काळजी घेणे या सर्व ठिकाणी इंग्रजीतही ‘टेक’च येते. इतक्या वेळा पाऊल बरोबर पडल्यावर पुढचेही बरोबरच पडेल असे मुलाने मानले, तर त्याला दोष कसा द्यावा?

हे क्रियापद मुळात इंग्रजांच्या घरचे नव्हेच. जुन्या इंग्रजीत या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेहमन’ हा त्याचाच भाऊबंद. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांनी इंग्लंडात वस्ती केली आणि त्यांच्या ‘टाका’ या शब्दाने ‘निमन’ला हळूहळू घराबाहेर काढले. ‘निमन’च्या खुणा आज ‘नम’, म्हणजे बधिर, आणि ‘निंबल’, म्हणजे चपळ, अशा एखाद्या शब्दात तेवढ्या उरल्या आहेत. आपले ‘घेणे’ संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून प्राकृतातून आले. म्हणजे या दोन क्रियापदांत रक्ताचे नाते नाही. हाताने वस्तू स्वीकारणे ही मूळ कल्पना दोघांची एक. पुढे संसार मात्र स्वतंत्र झाले.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा हा विचार जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली ठसठशीतपणे मांडला. हे फर्थसाहेब 1919 ते 1928 या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. व्यवहाराच्या बाजूने हीच अडचण ए. एस. हॉर्नबी यांना जपानात जाणवली. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ ठाऊक असे, पण तो वाक्यात कोणाशेजारी बसवावा हे कळत नसे. म्हणून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह जो कोश केला व जो 1942 साली टोकियोत प्रसिद्ध झाला, त्यात क्रियापदांच्या अर्थाबरोबर त्यांच्या वाक्यरचनेचे साचेही दिले. 1948 साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला, आणि त्याचेच वंशज आज आपल्या शाळांच्या कपाटांत आहेत. ते साचे उघडून पाहणारे किती, हा प्रश्न वेगळा.

आता ‘टेक’च्या गोतावळ्याकडे वळू. पहिली गोष्ट दिशेची. ‘टेक द चाइल्ड’ एवढेच म्हटले तर ‘मुलाला घे’. त्यापुढे ‘टु द डॉक्टर’ जोडले की मराठीला क्रियापदच बदलावे लागते: ‘मुलाला डॉक्टरांकडे ने’. इंग्रजीत घेणे आणि नेणे ही कामे एकाच क्रियापदाकडे आहेत. कोणते काम चालू आहे हे मागून येणारा छोटा शब्द सांगतो. मराठीत ही दोन क्रियापदे वेगळी, आणि त्यांच्या मध्ये ‘घेऊन जाणे’ हा जोडपूल. ‘टेक दिस लेटर टु द पोस्ट ऑफिस’ या वाक्यात ‘घे’ शोधणारा मुलगा पत्र हातात धरून उभाच राहील.

दुसरी गोष्ट भावनांची, आणि मला ती सर्वांत मनोवेधक वाटते. मराठीत राग येतो, दया येते, अभिमान वाटतो, भीती वाटते. भावना बाहेरून चालत येते. माणूस चतुर्थी विभक्ती लावून तिची वाट पाहत बसलेला असतो: मला, तुला, त्याला. इंग्रज मात्र या गोष्टी उचलून घेतो: ‘टेक ऑफेन्स’, ‘टेक पिटी’, ‘टेक प्राइड’, ‘टेक फ्राइट’. तेथे माणूस कर्ता आहे. म्हणूनच ‘मला त्याची दया आली’ याचे भाषांतर करताना मुले ‘टु मी’ने वाक्य आरंभतात आणि पुढे अडकतात. अशा वेळी शब्द पुरविण्यापेक्षा वाक्यात माणसाची जागा बदलते हे फळ्यावर दाखविले, तर दहा वाक्ये एकदम सुटतात.

तिसरी गोष्ट काळाची. ‘घरी पोहोचायला मला दोन तास लागले.’ यात ‘लागले’ हे क्रियापद ‘तास’ या शब्दाप्रमाणे चालते. दोन तास हाच कर्ता. इंग्रजी म्हणते, ‘इट टुक मी टू अवर्स टु रीच होम’. येथील ‘इट’ला काहीच अर्थ नाही, कर्त्याची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसविलेला तो माणूस आहे. ‘मी’ या कर्मापूर्वी ‘टु’ येत नाही, येतो तो ‘रीच’पूर्वी. मुले नेमके उलट करतात: ‘टू अवर्स टुक टु मी’. शिवाय ‘आय टुक टू अवर्स’ असेही इंग्रजीत म्हणता येते, पण त्यात विलंबाचा थोडा भार बोलणाऱ्यावर पडतो. ‘मला दोन तास लागले’ आणि ‘मी दोन तास लावले’ यांतील फरक ज्या मुलाला कळतो, त्याला हा इंग्रजी फरक वेगळा शिकवावा लागत नाही. मराठीचा आधार असा ऐन वेळी उपयोगी पडतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलण्यास बंदी घालणाऱ्या शाळांना हे कसे पटवावे, ते मला अजून साधलेले नाही.

उपपदांचा खेळ तर याहून सूक्ष्म आहे. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे. ‘टेक युवर प्लेस’ म्हणजे आपल्या जागी जा. ‘टेक द प्लेस ऑफ’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी येणे. नाम एकच, क्रियापदही एकच. मध्ये काय आहे किंवा काय नाही यावर सारे अवलंबून. ‘सभा घेण्यात आली’ ही आपली रचना डोक्यात असल्याने ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’ असे वाक्य शाळेच्या अहवालांतही वाचावयास मिळते. घडणे अकर्मक आहे, त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, एवढे आठवले तरी पुरे.

यानंतर ‘ऑफ’, ‘आफ्टर’, ‘इन’, ‘अप’, ‘डाउन’ ही मंडळी. संस्कृत शिकलेल्या शिक्षकांना यात नवल वाटू नये. ‘हृ’ हा एकच धातू उपसर्ग बदलताच आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार अशी रूपे घेतो हे आपण लहानपणी पाठ केले आहे. इंग्रजीत हा उपसर्ग मागे लागतो आणि सुटा हिंडतो, इतकेच. ‘टेक इन’ म्हणजे प्रसंगी फसविणे, ‘टेक डाउन’ म्हणजे लिहून घेणे, ‘टेक आफ्टर’ म्हणजे वडिलांच्या वा आईच्या वळणावर जाणे. येथे एक नियम मात्र सांगितलाच पाहिजे. ‘टेक ऑफ द कोट’ आणि ‘टेक द कोट ऑफ’ दोन्ही चालतात. पण कोटाऐवजी सर्वनाम आले की ‘टेक इट ऑफ’ हेच बरोबर, ‘टेक ऑफ इट’ नव्हे. उलट ‘आफ्टर’ क्रियापदाला सोडून जात नाही: ‘ही टेक्स आफ्टर हिम’. पहिले विलग होणारे, दुसरे विलग न होणारे, असे दोन गट मुलांना प्रत्येक क्रियापदाबरोबरच सांगावेत. निराळी यादी करून पाठ करावयास लावण्यात अर्थ नाही.

सी. के. ऑग्डन यांनी 1930 साली 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ सुचविली. तीत क्रियापदे अवघी 18. ‘टेक’ अर्थातच त्यांत होते. कल्पना आकर्षक होती, पण परकीयाचे कष्ट तिने वाचतील हा हिशेब मला पटत नाही. अठरा क्रियापदांनी साऱ्या जगाचे काम करावयाचे म्हणजे त्यांच्या सोबत्यांची संख्या वाढणार, आणि अडचण सोबत्यांचीच आहे.

आपले ‘घेणे’ही कमी नाही. लिहून घे, जेवून घे, समजून घे: या ‘घे’मध्ये कोणी काही हाती घेत नाही, क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते एवढेच ते सांगते. ‘लिहून घे’ आणि ‘लिहून दे’ यांतील अंतर संस्कृतातील आत्मनेपद व परस्मैपद यांची आठवण करून देते. कन्नडातील ‘कोळ्ळु’ हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदास जोडून नेमके हेच काम करते, म्हणून आमच्या वर्गातील कन्नड मुलांना मराठीतील हा ‘घे’ समजावून द्यावा लागत नाही. एखाद्या इंग्रजाला तो समजावताना मात्र आपल्याला घाम फुटेल.

उलट दिशेनेही वाहतूक चालू आहे. हल्ली अंघोळ ‘घेतली’ जाते, फोटो ‘घेतला’ जातो. ‘निर्णय घेणे’, ‘भाग घेणे’ हे प्रयोग आता इतके रुळले आहेत की त्यांच्यावर इंग्रजीची सावली असली तरी त्यांना हाकलण्यात शहाणपण नाही. ‘मी बस घेतली’ या वाक्यावर मात्र आमच्या आजीने विचारले असते, ‘केवढ्याला?’

आमच्या शाळेत आठवीच्या वहीत ‘टेक’साठी एक पूर्ण पान राखलेले असते. त्यावर आधी मुलांनी घरी ऐकलेले ‘घेणे’चे प्रयोग लिहावयाचे, आणि मग समोर इंग्रजी. मराठी बाजू पाहता पाहता भरते. एकदा एका मुलीने ‘मनावर घेणे’ आणले आणि ते ‘टेक टु हार्ट’ का, असे विचारले. मी म्हटले, टीका ‘टेक टु हार्ट’ केली तर ते मनाला लावून घेणे; उपदेश केला तर त्याप्रमाणे वागण्याचे मनावर घेणे; सोबती कोण ते पाहा. तिने मान डोलावली आणि तिचे वाक्य वाचून दाखविले: ‘आईने एकदा मनावर घेतले की घरात कोणाचे चालत नाही.’ यात ना टीका, ना उपदेश. वर्गाने पुष्कळ खटपट केली, मीही केली. त्या पानावर त्या वाक्यासमोरची जागा कोरी आहे.