औषध भांडारातील तापमानाचा नकाशा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात इमारत, यंत्रसामग्री व रुग्णसंख्या यांचा तपशील येतोच. औषधे ज्या जागेत ठेवली जातात, त्या जागेच्या तापमानाविषयी मात्र सहसा लिहिले जात नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. म्हणून हा विषय देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडणे उचित वाटते.

उष्णता व औषध यांचे वैर जुने आहे. देवीची लस युरोपातून मुंबईस पाठवताना लांबच्या प्रवासात व उष्म्यात निकामी होत असे. अखेर व्हिएन्नाहून बगदाद व बसरामार्गे, वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत, ती जिवंत ठेवून आणावी लागली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. आज हेच काम शीतसाखळी करते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून देशभर गेलेली कोविशिल्ड लस २ ते ८ अंशांत सांभाळावी लागत होती.

प्रत्येक वस्तूची मर्यादा निराळी असते. बहुतेक लसी, न उघडलेले इन्सुलिन आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ अंश लागतात. तांबड्या रक्तपेशी २ ते ६ अंशांत, तर प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात. अतिथंडीही घातकच असते. हिपॅटायटिस-बी किंवा त्रिगुणी लस एकदा गोठली, की वितळल्यानंतर तिचा गुण परत येत नाही.

वाणिज्य शाखेच्या माणसास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. कुपी चोरीस गेली तर साठ्याच्या नोंदवहीत तूट दिसते. उष्णतेने तिचा गुण गेला, तर नग तेवढेच राहतात, किंमत तीच राहते आणि लेखापरीक्षणातही काही आढळत नाही. हा तोटा प्रथम दिसतो तो रुग्णाच्या खाटेपाशी. ऑक्सिटोसिन देऊनही मातेचा रक्तस्राव थांबत नाही, तेव्हा हिशेब सुधारण्यास वेळ उरलेला नसतो.

दारावरील एका तापमापकावर विसंबणे म्हणूनच पुरेसे नाही. सरासरी ५ अंश असलेल्या रेफ्रिजरेटरमध्ये एका कोपऱ्यात शून्याखाली, तर दाराच्या कप्प्यात १० अंश असू शकतात. भांडारातही छताजवळची फळी, पश्चिमेची भिंत आणि वातानुकूलन यंत्रासमोरची जागा यांत फरक पडतो. तो शोधून काढणे म्हणजेच तापमानाचा नकाशा तयार करणे.

त्यासाठी अचूकता तपासलेली नोंदयंत्रे ठिकठिकाणी ठेवतात. रेफ्रिजरेटरमध्ये सामान्यतः आठ कोपरे व मध्यबिंदू घेतात. मोठ्या भांडारात जमिनीलगत, मध्यावर व वरच्या फळीवर, ठरावीक अंतराने यंत्रे ठेवून किमान सात दिवस, सुट्टीचे दिवसही धरून, काही मिनिटांच्या अंतराने नोंद घेतात. हे काम ऐन उन्हाळ्यात व ऐन हिवाळ्यात, असे दोनदा करणे इष्ट असते. वीज बंद करून, मर्यादा ओलांडण्यास किती अवधी लागतो, हेही पाहतात. जनित्र किती वेळात सुरू झालेच पाहिजे, हे त्यावरून ठरते. नकाशा हाती आल्यावर सर्वांत उष्ण व सर्वांत थंड जागी कायमचा तापमापक बसतो, आणि जेथे मर्यादा पाळली जात नाही ती फळी रिकामी ठेवली जाते. मांडणी वा यंत्र बदलल्यास नकाशा पुन्हा करावा लागतो.

नातेवाईकांनाही विनंती आहे. इन्सुलिन घरी नेताना ते उन्हातील मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. थेट बर्फास टेकवूही नये. घरी ते बर्फाच्या कप्प्यात अथवा त्याच्या लगत ठेवू नये. रेफ्रिजरेटर नसल्यास कुपी जलरोधक डबीत घालून माठात ठेवण्याची रीत उपयोगी पडते. आपल्याकडील कोरड्या हवेत पाणी झिरपून माठ चांगला गार राहतो. मात्र अशी कुपी किती दिवस वापरावी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

देणगीतून घेतलेले औषध रुग्णापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचा गुणही पोहोचला पाहिजे. इमारतीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. तापमापकावर ती लागत नाही. तरीही या कामासाठी दिलेला प्रत्येक रुपया रुग्णाच्याच उपयोगी पडतो, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करावेसे वाटते.