तीस सेकंदांचा दम

बदलापूरला आमच्या सोसायटीमागे अजून एक मैदान शिल्लक आहे. आजूबाजूला इमारती उठत गेल्या, जिथे पावसाळ्यात बेडूक ओरडायचे तिथे आता गाड्या उभ्या राहतात. पण हा तुकडा कसा कोण जाणे वाचला. थंडीत तिथे कबड्डीचे सामने भरतात. दोन-तीन रात्री लाउडस्पीकरपायी झोपेचं खोबरं होतं, पण मी तक्रार करत नाही. स्वेटर, मफलर असा सगळा सरंजाम करून मी घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन जातो आणि कडेला बसतो.

यंदाही बसलो होतो. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. दोन्हीकडे चोवीस-चोवीस गुण, सामना संपायला दीड मिनिट, दोन्ही संघांचे सातही गडी मैदानात. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे आता तिसरी चढाई. या चढाईत गुण आणला नाही, तर चढाई करणाराच बाद, असा हल्लीचा नियम आहे. सगळं मैदान ‘तिसरी, तिसरी’ म्हणून ओरडत होतं. ज्याच्यावर ही वेळ आली तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने काटकुळा. त्याने मध्यरेषेची माती कपाळाला लावली आणि तो आत शिरला.

चढाईला जाणाऱ्याच्या एकटेपणाचा आपण कधी विचार करतो का? समोरचं अर्धं अंगण साडेसहा मीटर खोल. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. तिथवर न जाता परतलं की बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सात जण हातात हात गुंफून साखळी करून उभे. ते मागे सरकतात ते घाबरून नव्हे, तुम्हाला आत ओढायला. दोन्ही कोपऱ्यांतले गडी तुमच्या घोट्यांकडे बघत असतात. तुमचे सहा सोबती रेषेपलीकडे उभे. ते ओरडू शकतात, पण तुम्हाला हात लावू शकत नाहीत. आणि हे सारं तीस सेकंदांत.

मुलगा डावीकडे गेला, उजवीकडे वळला, पंचवीस सेकंद झाल्यावर घाईघाईने कोपऱ्यातल्या गड्याकडे त्याने पाय फेकला. तेवढंच हवं होतं त्यांना. घोटा सापडला आणि पाठोपाठ चौघं अंगावर पडले. शिटी वाजली. माझ्या मागून एक आवाज आला, “काय केलंस रे हे!” ते त्याचे वडील होते. दुसऱ्या पाळीहून परस्पर आलेले, डब्याची पिशवी अजून हातातच. मुलाने तो आवाज ऐकला. खाली मान घालून तो बाहेर जाऊन बसला.

मला माझं अंबरनाथ आठवलं.

सत्तरच्या दशकातलं अंबरनाथ. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमचं मैदान होतं. चाळलेली माती, त्यावर पाण्याचा सडा आणि चुन्याच्या रेषा. मी बऱ्यापैकी चढाई करत असे. एका सामन्यात ऐन मोक्याच्या वेळी माझी पकड झाली. थोड्या वेळाने आमच्या गड्याने समोरचा एक मारला आणि मी पुन्हा आत आलो. कप्तान म्हणाला, “जा, तूच जा.” मी म्हटलं, “घोटा मुरगळलाय.” घोट्याला काहीही झालं नव्हतं. मला पुन्हा त्या साखळीसमोर जायचं नव्हतं, एवढंच. सामना आम्ही हरलो आणि घरी जाताना मी लंगडत गेलो, कारण सोबत सगळे होते. ते खोटं लंगडणं पन्नास वर्षं मनात राहिलं आहे.

दडपण म्हणजे नेमकं काय, हे मला पुढे वाचून कळलं. भीती वाटली की माणूस नकळत श्वास रोखतो. नजर आकसते, समोरच्या एका माणसापलीकडे काही दिसत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे मन स्वतःच्याच हातापायांवर पाळत ठेवू लागतं. जो पाय हजार वेळा आपोआप पडला, तो आता विचारून विचारून पडू लागतो, आणि तिथेच चुकतो. जिना उतरताना एकेका पायरीचा विचार करून बघा, म्हणजे कळेल.

आमच्या जुन्या लोकांनी यावरचा उतारा खेळाच्या नियमातच घालून ठेवला आहे, असं मला वाटतं. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहिलंच पाहिजे. आमच्याकडे या खेळाला हुतूतू म्हणत, तेव्हाही दम घालावा लागेच. दम तुटला की बाद. आता, बोलत राहायचं तर श्वास रोखून धरता येत नाही; तो हळूहळू बाहेर सोडावाच लागतो. आणि लांबवर सोडलेल्या श्वासाने छातीतली धडधड कमी होते, हे आज डॉक्टरही सांगतात. घाबरलेल्या माणसाला जे करायला सांगावं लागतं, ते कबड्डीत केल्याशिवाय खेळताच येत नाही. चांगला शिक्षक म्हणूनच पोरांना आधी दम शिकवतो, मग पाय. नजरही शिकवावी लागते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, त्याच्या पावलांकडे बघ. हात फसवतात, पावलं फसवत नाहीत. आणि घरची रेषा किती लांब आहे, हे मागे न बघता माहीत असलं पाहिजे.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला तिकडचा फुटबॉल दाखवला. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक हातातच. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू त्याच्या हाती येतो आणि समोरून दांडगे गडी त्याला चिरडायला धावतात. त्याच्या संघातले पाच जण पुढे भिंत करतात. त्या भिंतीआडच्या जागेला ते ‘पॉकेट’ म्हणतात, म्हणजे खिसा. खिसा फाटायच्या आत, साधारण अडीच-तीन सेकंदांत, त्याने दूरवरचा आपला गडी हेरून चेंडू फेकायचा. भाचा सांगत होता, की तरुण क्वार्टरबॅकला शिकवतात ते हेच: अंगावर येणाऱ्यांकडे बघू नकोस, लांब बघ; पाय हलते ठेव; आणि कुणीच मोकळं दिसलं नाही, तर चेंडू सरळ मैदानाबाहेर टाकून दे. ती हार नव्हे, शहाणपण आहे.

मला हसू आलं. म्हटलं, अरे, ही तर आमची रिकामी चढाई! जाऊन, निदानरेषा ओलांडून, गुण न घेता पण अंग राखून परत येणं. फरक एवढाच, की त्यांच्या गड्यापुढे पाच जणांची भिंत असते. आमचा मात्र एकटाच जातो.

या रिकाम्या चढाईचा आसरा आता निम्मा गेला आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, खेळ मातीवरून मॅटवर आणि मॅटवरून घराघरांतल्या टीव्हीवर आला, आणि ही तिसरी चढाई पोराटोरांच्या तोंडी झाली. नियम वाईट नाही. वेळकाढूपणा गेला, खेळ चुरशीचा झाला. पण त्याबरोबर दर तिसऱ्या खेपेला एका पोराच्या डोक्यावर सगळं ओझं येऊन पडू लागलं.

हे ओझं मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपला संघ मध्यंतराला इराणच्या मागे होता. अजय ठाकूरने बारा गुण आणले आणि आपण ३८-२९ असे जिंकलो. त्याच अजय ठाकूरच्या नेतृत्वाखाली दोन वर्षांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच इराणने आपल्याला उपांत्य सामन्यात हरवलं. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं आणलेला आपला पुरुष संघ पहिल्यांदाच सुवर्णाविना परतला. माणूस तोच, समोरचा संघ तोच. एकदा डोक्यावर घेतलेल्याला दुसऱ्यांदा काय काय ऐकावं लागलं असेल!

पुढे २०२३ साली हांगचौला पुन्हा तीच गाठ. अंतिम सामना, समोर इराण, २८-२८ अशी बरोबरी, शेवटचं मिनिट जवळ आलेलं, आणि कप्तान पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला. याच पवनला आदल्या वर्षी प्रो कबड्डीच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागलं होतं. त्या चढाईत तो कुणाला स्पर्श न करताच राखीव क्षेत्रात गेला, इराणचे गडी त्याच्या मागोमाग आत आले, आणि कुणाला किती गुण यावर असा वाद पेटला की खेळ तासभर थांबला. अखेर आपण ३३-२९ असे जिंकलो. आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्या संघात होता. पुढच्याच मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं.

ही सगळी मंडळी दडपणाला घाबरत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण ती पुन्हा आत जातात. कशाच्या बळावर?

उत्तर याच खेळाच्या एका साध्या नियमात आहे. कबड्डीत बाद झालेला गडी बसून राहत नाही. त्याच्या संघाने समोरचा एक गडी मारला, की आपला एक गडी जिवंत होतो. हा शब्दच बघा, ‘जिवंत’. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपला. इथे तुम्ही चुकून बाहेर बसलात, तरी तुमच्यासाठी कुणीतरी आत झटत असतं, आणि त्याच्या गुणावर तुम्हाला पुन्हा संधी मिळते. स्वतःच्या कर्तबगारीवर जिवंत होण्याची सोयच नाही. दुसऱ्याने करावं लागतं.

हे मला मैदानावर नव्हे, उल्हासनगरला बँकेत कळलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं हे शहर. सिंधी व्यापाऱ्यांची रोजची उलाढाल अशी, की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काउंटरपुढे मुंगी शिरायला जागा नसे. अशाच एका दिवशी संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये पाच हजार कमी भरले. तेव्हा तो माझ्या तीन-चार महिन्यांचा पगार होता. रात्री आठपर्यंत बंडलं पुन्हा पुन्हा मोजली. माझे हात थरथरत होते. मनात एकच विचार, की उद्या काउंटरवर बसायचं नाही. काहीतरी दुखतंय म्हणून सांगायचं. घोटा आठवला, दुसरं काय.

आमचे हेड कॅशिअर निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मिळेल नाहीतर भरशील. पण उद्या सकाळी त्याच खिडकीत तूच बसायचंस. मी शेजारी बसतो.” आणि ते खरोखरच बसले. काही बोलले नाहीत, नुसते शेजारी बसले. दोन दिवसांनी एक सिंधी व्यापारी एक बंडल घेऊन आला. मी त्याला जास्तीचं दिलं होतं. पैसे मिळाले हा नशिबाचा भाग. पण मी त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, जिवंत झालो होतो.

आज घरोघरी मुलांच्या तिसऱ्या चढाया चालू आहेत. दहावी तिसरी चढाई, बारावी तिसरी चढाई, प्रवेश परीक्षा तर आहेच आहे. त्यांना आपण धीट व्हायला सांगतो. पण सांगून धीर येत नाही. चुकलो तरी मला परत आत घेणारं कुणीतरी आहे, एवढी खात्री असली की पाय आपोआप हलके पडतात. ती खात्री देणं मुलाच्या हातात नाही. ते आपलं काम.

तर त्या रात्री पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. समोरचा गडी चढाईला आला. आमच्या पोरांनी त्याला निदानरेषेच्या आत गाठून असा दाबला, की त्याला श्वास घेता येईना. पंचवीस-पंचवीस. बाहेर बसलेला तो काटकुळा मुलगा जिवंत झाला. पाऊण मिनिट उरलेलं. कप्तानाने, तोही फार तर अठराचा असेल, त्याच्या पाठीवर थाप मारली. “परत तूच जा.”

मी खुर्चीत पुढे सरकलो. मुलाने वडिलांच्या दिशेने एकदा पाहिलं. मग तो गेला. या खेपेला त्याचा दम मला कडेपर्यंत ऐकू येत होता, एका लयीत. तो कुणाच्या अंगावर गेला नाही. साखळी मागे सरकू दिली, आणि एका क्षणी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून, दुसरा अधांतरी उचलून, उडी मारून घरी आला. एकच गुण. पण आणला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण अखेरच्या चढाईत समोरच्यांनीही एक गुण घेतला, बरोबरी झाली, आणि मग पाच-पाच चढायांच्या निकालात आमची पोरं हरली. मैदान रिकामं होऊ लागलं. दिवे मालवले जात होते. मुलगा अंगावरची माती झटकत उभा होता. वडील त्याच्याजवळ गेले. ते आता काय बोलणार, म्हणून मी उगाच खुर्ची घडी करायचं निमित्त करत थांबलो. प्लास्टिकच्या खुर्चीला घडी नसते, हेही लक्षात आलं नाही.

ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी मुलाची बॅग आपल्या खांद्याला लावली, डबा त्याच्या हातात दिला, आणि दोघं बरोबरीने घराकडे चालू लागले.