झ्युरिक: बँकांच्या शहराची दुसरी ओळख

महाराष्ट्रातून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या कितीतरी सहली झ्युरिकच्या विमानतळावर उतरतात आणि लगेच ल्युसर्न, एंगलबर्गची वाट धरतात. शहरात थांबलंच कोणी, तर बानहोफस्ट्रासवरची घड्याळांची दुकानं आणि तळ्याकाठी एक फेरी. ट्राम वेळेवर, रस्ते स्वच्छ, बाराशेहून अधिक कारंज्यांना पिण्याचं पाणी. तरीही शेरा ठरलेला: सगळं छान, पण बघायचं काय? युरोपातही या श्रीमंत शहराची हीच ख्याती आहे. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो.

शिक्का कसा बसला

1519मध्ये ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये उलरिख झ्विंग्ली हा धर्मसुधारक प्रवचनं देऊ लागला. पाच वर्षांत शहरातल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरली. साधेपणा, काम आणि काटकसर ही शहराची शिस्त बनली. पुढे बँका आल्या. 1964मध्ये पौंड घसरू लागला तेव्हा ब्रिटिश मजूर पक्षाच्या नेत्यांनी त्याचा दोष ‘झ्युरिकच्या बुटक्यां’वर, म्हणजे तळघरात खजिना राखून बसलेल्या स्विस बँकवाल्यांवर टाकला. ते नाव आजही चिकटून आहे. त्यात भर म्हणजे 1990च्या दशकाच्या अखेरीस कायदा सैल होईपर्यंत इथले बहुतेक बार मध्यरात्री बंद व्हायचे.

श्पीगेलगासेतलं नाट्य

याच शहरात 5 फेब्रुवारी 1916 रोजी ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स या कलावंतांनी श्पीगेलगासे या अरुंद गल्लीत ‘काबारे व्होल्तेअर’ सुरू केलं. बाहेर पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि तटस्थ झ्युरिकमध्ये निर्वासित कलावंत जमले होते. ज्या समंजस, सुसंस्कृत युरोपनं माणसं खंदकात मरायला पाठवली त्याची भाषाच त्यांना नकोशी झाली होती. बाल पुठ्ठ्याचा पोशाख चढवून नुसत्या ध्वनींच्या कविता म्हणायचा. विसाव्या शतकातली कला हलवून सोडणारी दादा चळवळ इथे जन्मली. त्याच गल्लीत, 14 क्रमांकाच्या घरात, तेव्हा लेनिन राहत होता!

काबारे काही महिन्यांतच बंद पडलं. पुढे ती इमारतही विस्मरणात गेली. 2002मध्ये काही कलावंतांनी तिथे घुसून ठाण मांडलं, तेव्हा शहराला जाग आली. 2004मध्ये नगरपालिकेच्या मदतीनं ती जागा पुन्हा उघडली.

ऑपेरासाठी पैसे आहेत, आमच्यासाठी?

1980मध्ये ऑपेरागृहाच्या नूतनीकरणासाठी सुमारे सहा कोटी फ्रँकचा प्रस्ताव मतदानाला आला. तरुण मंडळी कित्येक वर्षं स्वतःच्या संगीतासाठी, भेटण्यासाठी जागा मागत होती. त्यांना काहीच मिळत नव्हतं. 30 मेच्या रात्री ऑपेरासमोरची निदर्शनं दंगलीत बदलली, आणि पुढचे अनेक महिने शहर धुमसत राहिलं. प्रस्ताव मंजूर झाला, पण प्रश्न दडपता आला नाही. तळ्याकाठची ‘रोटे फाब्रिक’ ही लाल विटांची जुनी रेशीम गिरणी रस्ता रुंदीकरणासाठी पाडायची ठरली होती. मतदारांनी 1977मध्येच ती संस्कृतिकेंद्रासाठी राखण्याचा कौल दिला होता. दंगलीच्या वर्षी केंद्र प्रत्यक्ष सुरू झालं. 1987मध्ये नागरिकांनीच मतदान करून त्याला कायमचं अनुदान दिलं. मला झ्युरिकचं हे रूप सर्वांत मोलाचं वाटतं: भांडण झालं, लाठ्या चालल्या, आणि शेवटी करदात्यांनी त्या तरुणांच्या जागेचा खर्च उचलला.

मोर्चा म्हणून आलेला नाच

1992मध्ये गणिताच्या एका विद्यार्थ्यानं टेक्नो संगीताच्या मिरवणुकीसाठी परवानगी मागितली, ती प्रेम, शांती आणि सहिष्णुतेसाठीचं निदर्शन म्हणून. हजारेक लोक आले. 1994मध्ये प्रशासनानं परवानगी नाकारली. गदारोळ झाला, निर्णय फिरवावा लागला. आज ऑगस्टमधल्या ‘स्ट्रीट परेड’ला लाखोंची गर्दी लोटते.

पश्चिमेकडचे कारखाने आणि आजची अडचण

उद्योग हलले तसा शहराचा पश्चिम भाग ओस पडला, आणि स्वस्त जागा मिळाल्या म्हणून तिथे नवं काही उगवलं. एशर विस कंपनीच्या जुन्या जहाजबांधणीच्या शेडमध्ये 2000पासून नाटकं होतात. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीपासून पिशव्या शिवणाऱ्या फ्रायटाग बंधूंनी मालवाहू कंटेनर एकावर एक रचून दुकान उभारलं. रेल्वेपुलाच्या दगडी कमानींखाली बाजार भरला.

पर्यटन खातं आता हा परिसर हौसेनं दाखवतं. पण तिथेच काचेचे मनोरे उठले आणि भाडी चढली. शहरात हजारात जेमतेम एक घर रिकामं सापडतं. कलावंतांनी आणि तरुणांनी दहा वर्षं ताब्यात ठेवलेला कोख-आरेआल हा परिसर 2023मध्ये रिकामा करून घेतला गेला. तिथे परवडणारी घरं होत आहेत, आणि त्यांची गरज खरी आहे. पण दादा, रोटे फाब्रिक, पश्चिमेकडच्या शेड, हे सगळं कमी भाड्याच्या किंवा कुणालाच नको असलेल्या जागेत उभं राहिलं. तशी जागा आता कुठे शिल्लक ठेवायची, याचं उत्तर झ्युरिकच्या नगरपालिकेला द्यायचं आहे, आणि त्यासाठी तिच्यापाशी पैसा भरपूर आहे.